पाण्यावरचे बिऱ्हाड : कॅप्टन स्लोकमच्या एकटेपणाआधीची तेरा वर्षे

१/ २७ जून १८९८. अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध सुरू होते आणि न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरलेले होते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास शिडाची एक लहानशी नौका किनाऱ्यालगतच्या खडकांना बिलगून आत शिरली आणि तिने नांगर टाकला. नौकेचे नाव होते ‘स्प्रे’. तिच्यावर माणूस एकच होता.

२/ चोपन्न वर्षांचा कॅप्टन जोशुआ स्लोकम तीन वर्षांहून अधिक काळाने परतला होता. या काळात त्याने ४६,००० मैलांहून जास्त अंतर कापले होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला ज्ञात मनुष्य. १९०० साली त्याचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने आले, त्याच्या शीर्षकातच ‘एकट्याने’ हा शब्द होता. जगाने तोच शब्द लक्षात ठेवला.

३/ याच माणसाने त्याआधी तेरा वर्षे बायको, मुले, पियानो आणि पुस्तकांची कपाटे घेऊन समुद्रावर संसार केला होता. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात. येथे बिऱ्हाडच पाण्याच्या पाठीवर होते. त्या घराची हकीकत समजल्याशिवाय ‘स्प्रे’वरच्या एकटेपणाचा अर्थ लागत नाही. हा धागा त्या घराविषयी आहे.

४/ स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात झाला. अकरा भावंडांतला तो पाचवा. आई दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. वडील कडक शिस्तीचे, कोळ्यांसाठी चामड्याचे बूट शिवणारे. मुलगा लपूनछपून कोरत असलेले जहाजाचे चिमुकले लाकडी रूप बापाने संतापाने फोडून टाकले, अशी आठवण त्या घराण्यात सांगितली जाते. १८६० मध्ये आई वारली आणि सोळा वर्षांचा जोशुआ घर सोडून खलाशी झाला.

५/ खलाशांच्या दाटीवाटीच्या कोठडीतून कप्तानाच्या खोलीपर्यंत पोहोचायला त्याला दहा वर्षेही लागली नाहीत. डब्लिन, लिव्हरपूल, चीन, केप हॉर्न असा त्याचा प्रवास झाला. नौकानयनाचे गणित तो जहाजावरच शिकला. १८६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि १८६९ मध्ये ‘वॉशिंग्टन’ या जहाजाचे कप्तानपद त्याला मिळाले.

६/ हेच जहाज घेऊन तो सिडनीला गेला. तेथे त्याची व्हर्जिनिया वॉकरशी भेट झाली. ती जन्माने अमेरिकन, पण वाढलेली ऑस्ट्रेलियात, घोडदौडीत तरबेज. काही आठवड्यांच्या ओळखीवर ३१ जानेवारी १८७१ रोजी दोघांचा विवाह झाला. नवी नवरी थेट जहाजावर चढली आणि जहाज अलास्काकडे सामन माशांच्या मासेमारीला निघाले.

७/ अलास्कात ‘वॉशिंग्टन’ नांगर घसरून किनाऱ्यावर आपटले आणि मोडले. स्लोकमने खलाशांना वाचवले, पकडलेले मासेही वाचवले. मालकांनी त्याला दोष न देता दुसरे जहाज दिले. व्हर्जिनियाच्या संसाराची सुरुवात अशी झाली : पहिले घर वर्षभरातच बुडाले आणि दुसऱ्या घरात तिने पुन्हा सामान लावले.

८/ कप्तानाने कुटुंब जहाजावर का न्यावे? एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंड आणि नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यांवर हा प्रघातच होता. शिडाच्या मालवाहू जहाजाची एक फेरी दोन-दोन, तीन-तीन वर्षे चाले. घरी राहिलेल्या बायकोला नवरा दिसायचा तो मुले ओळखेनाशी झाल्यावर. म्हणून अनेक जणी सोबत निघत. कप्तानाची बायको असलेल्या जहाजाला खलाशी ‘कोंबडी-जहाज’ अशा अर्थाच्या नावाने हिणवीत.

९/ दुसरे कारण पैशाचे. अनेक कप्तान जहाजात भागीदार असत. कधी अख्खे जहाज त्यांच्याच मालकीचे असे. आयुष्याची कमाई त्या लाकडात आणि शिडांत गुंतलेली असताना किनाऱ्यावर वेगळे घर चालवणे परवडत नसे. जहाज हेच घर, तेच दुकान आणि तीच तिजोरी. ते तरंगत आहे तोवर सारे ठीक. बुडाले की तिन्ही एकदम बुडत.

१०/ स्लोकम दांपत्याला सात मुले झाली आणि त्यांतले एकही किनाऱ्यावरच्या स्वतःच्या घरात जन्मले नाही. थोरला व्हिक्टर १८७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजावर. दुसरा ‘बी. एमार’ जहाजावर, म्हणून त्याचे नावच बेंजामिन एमार. जेसी १८७५ मध्ये फिलिपाइन्समध्ये. गारफिल्ड १८८१ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात, ‘ॲमेथिस्ट’ जहाजावर. सातांपैकी जगली ही चारच.

११/ या घराला वेळापत्रक होते. सकाळी नऊ ते बारा शाळा. शिक्षिका आई आणि शाळेची खोली म्हणजे कप्तानाचा दिवाणखाना. शनिवारी साफसफाई आणि कपड्यांची डागडुजी, रविवारी धर्मपाठ. पाचशेच्या आसपास पुस्तके हलत्या जहाजावर नीट लावून ठेवलेली असत. वडिलांचे शालेय शिक्षण जेमतेम तिसरी-चौथीचे. पण मुलांनी बापाला हातात पुस्तकाशिवाय क्वचितच पाहिले.

१२/ व्हर्जिनिया शिवणकाम करी, वाद्ये वाजवी आणि पिस्तूलही चालवी. जहाजाच्या मागे शार्क मासे लागले की मुले दोरीला डबा बांधून पाण्यात सोडीत आणि शार्क पृष्ठभागावर आला की आई नेम धरी. तिचा नेम सहसा चुकत नसे, अशी आठवण मुलाने पुढे सांगितली. पुढे एका प्रसंगी हेच पिस्तूल तिला माणसांसमोर धरावे लागले.

१३/ मनिलाला ‘बी. एमार’ विकले गेले आणि बिऱ्हाड उघड्यावर आले. स्लोकमने सुबिकच्या उपसागरात एका आगबोटीचा सांगाडा बांधून देण्याचे काम घेतले. जंगलाच्या कडेला खांबांवर उभारलेल्या गवती छपराच्या घरात कुटुंब राहिले. मोबदल्याचा मोठा भाग रोकड नव्हता; त्याऐवजी एक नव्वद टनी शिडाचे जहाज मिळाले. त्याचे नाव ‘पाटो’, स्पॅनिशमध्ये बदक. पाण्यावरचे घर परत मिळाले.

१४/ ‘पाटो’ घेऊन ते १८७७ मध्ये ओखोत्स्कच्या थंडगार समुद्रात कॉड मासे पकडायला गेले. व्हर्जिनिया तेव्हा गरोदर होती आणि सोबत तीन लहान मुले होती. कामचाटकातील पेत्रोपाव्लोव्स्कजवळ तिला जुळी झाली. ती जगली नाहीत. मासेमारी मात्र उत्तम झाली आणि जहाज माशांनी भरून परतले.

१५/ दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, फिलिपाइन्समधून व्हर्जिनियाने आपल्या आईला पत्र लिहिले. आणखी एक मुलगी जन्मून दगावली होती. तिला त्या परक्या किनाऱ्यावर सोडून जाववेना, म्हणून नवऱ्याने बाळाचा देह ब्रँडीत जतन करून ठेवला, असे तिने त्यात कळवले. ज्यांचे घर एका जागी नसते, त्यांना दफनाची जागा कोठून असणार? समुद्रावरच्या संसाराविषयी इतके उघड सांगणारे कागद थोडेच आहेत.

१६/ १८८१-८२ मध्ये या घराची सर्वांत भरभराट झाली. ‘ॲमेथिस्ट’ विकून स्लोकमने ‘नॉर्दर्न लाइट’ या भव्य जहाजात भाग घेतला. लांबी २३३ फूट, तीन डोलकाठ्या, तीन मजले. त्या काळातले ते सर्वांत देखणे अमेरिकन शिडाचे जहाज आहे, असे स्लोकमचे मत होते. न्यूयॉर्क बंदरात ते उभे राहिले तेव्हा अडतीस वर्षांचा हा बूट शिवणाऱ्याचा मुलगा आपल्या आयुष्याच्या शिखरावर होता.

१७/ पण एकाच जहाजावर दोन जगे राहत होती. मागच्या बाजूला गालिचे, पुस्तके, वाद्ये आणि मुलांचे पाढे. पुढच्या बाजूला ओल्या अंथरुणांवर झोपणारे खलाशी, खारवलेले मांस आणि अधिकाऱ्यांची मारहाण. बंदरावरचे दलाल नशेतल्या, कर्जबाजारी माणसांना खलाशी म्हणून जहाजावर चढवीत. कप्तानाच्या कुटुंबाची शांतता या माणसांच्या श्रमावर उभी होती. शिस्तीच्या नावाखाली काय चाले, हे मुलांनाही दिसत असे.

१८/ न्यूयॉर्कहून निघाल्यावर लवकरच सुकाणू बिघडले, न्यू लंडनजवळ खलाशांनी बंड केले आणि पहिल्या मेटला भोसकले. नवऱ्याच्या पाठीशी पिस्तूल घेऊन उभी राहिली ती व्हर्जिनिया. याच सफरीत पुढे एका अधिकाऱ्याला दीर्घकाळ बेड्या घालून कोंडल्याचा खटला स्लोकमवर झाला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दंड केला. या प्रवासाचा इतिहास लिहिताना तो कागदही बाजूला सारता येत नाही.

१९/ दरम्यान शिडांचे युग मावळत होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. तांबड्या समुद्रातले वारे आणि कालव्यातून ओढून नेण्याचा खर्च पाहता शिडाच्या जहाजांना तो मार्ग परवडणारा नव्हता. कमी कोळशात दूर जाणारी इंजिने आली. चहा, टपाल आणि प्रवासी आगबोटींकडे गेले. शिडांना उरले लाकूड, पीठ, कोळसा असले जड आणि स्वस्त वाहतुकीचे सामान. ‘नॉर्दर्न लाइट’च्याच डोलकाठ्या पुढे उतरवल्या गेल्या आणि ती कोळशाची ओढगाडी झाली.

२०/ स्लोकमने आगबोटीवर नोकरी धरली नाही. १८८४ मध्ये त्याने ३२६ टनांचे ‘ॲक्विडनेक’ हे लहान जहाज घेतले. बाल्टिमोरहून पीठ भरून कुटुंब ब्राझीलला आणि पुढे ब्युनोस आयर्सकडे निघाले. दिवाणखान्यात जमिनीला घट्ट बसवलेला पियानो होता, पिंजऱ्यात गाणारा कॅनरी पक्षी होता. वाटेत व्हर्जिनिया आजारी पडली.

२१/ २५ जुलै १८८४. जहाज ब्युनोस आयर्सपुढे नांगरलेले होते. त्या सकाळी ती लोण्याला मीठ लावीत बसली होती. स्लोकम कामासाठी किनाऱ्यावर गेला. प्रकृती बिघडली तर ठरलेला झेंडा वर चढवायचा, असा संकेत होता. दिवस मावळण्यापूर्वी झेंडा चढला. स्लोकम परतला आणि त्याच रात्री व्हर्जिनिया गेली. तिचे वय पस्तीसही नव्हते. तिचे दफन शहरातल्या इंग्रजांच्या दफनभूमीत झाले. सुकाणू तुटलेल्या जहाजासारखी वडिलांची गत झाली, अशा आशयाचे गारफिल्डने पुढे सांगितले.

२२/ धाकट्या मुलांना मॅसॅच्युसेट्समध्ये नातेवाइकांकडे ठेवले गेले. १८८६ मध्ये स्लोकमने हेन्रिएटा, म्हणजेच हेटी, या चोवीस वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केले. व्हिक्टर आणि पाच वर्षांच्या गारफिल्डला घेऊन ‘ॲक्विडनेक’ पुन्हा दक्षिणेकडे निघाले. निघाल्यानिघाल्या वादळाने गाठले. मग पटकीची साथ, बंद झालेली बंदरे, जहाजावर देवीची लागण, खलाशांचे मृत्यू. एका रात्री हल्ला करणाऱ्या खलाशांवर स्लोकमने गोळी झाडली, एक जण ठार झाला. खटल्यात तो निर्दोष सुटला.

२३/ १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरात लाकडाने भरलेले ‘ॲक्विडनेक’ वाळूच्या दांड्यावर चढले आणि मोडले. जहाजाचा विमा नव्हता. घर, दुकान आणि तिजोरी, तिन्ही एकदम गेली. परतीच्या तिकिटासाठी हात पसरण्याऐवजी स्लोकमने वाचलेल्या सामानातून आणि तेथल्या लाकडातून पस्तीस फुटी होडी बांधली. हेटीने शिडे शिवली. शिडांची धाटणी चिनी जंक जहाजांची होती.

२४/ होडी १३ मे १८८८ रोजी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून तिचे नाव ‘लिबरदादे’, स्वातंत्र्य. चौघांचे कुटुंब त्या उघड्या समुद्रातल्या होडीतून सुमारे साडेपाच हजार मैल कापून दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याला लागले आणि डिसेंबरअखेर वॉशिंग्टनला पोहोचले. पाण्यावरच्या बिऱ्हाडाचा हा शेवटचा मुक्काम. हेटीने त्यानंतर नवऱ्यासोबत समुद्रसफर केली नाही.

२५/ किनाऱ्यावर स्लोकमला काम नव्हते. १८९२ मध्ये एका जुन्या व्हेल-शिकारी कप्तानाने त्याला जहाज देऊ केले आणि ‘थोडी दुरुस्ती लागेल’ असे सांगितले. फेअरहेवन गावच्या शेतात, ताडपत्रीखाली झाकलेला, ‘स्प्रे’ नावाच्या जुनाट होडीचा सांगाडा तेवढा उभा होता. स्लोकमने जवळच्या ओक वृक्षाला कुऱ्हाड लावली. तेरा महिने एकेक फळी बदलून त्याने नवी नौका उभी केली. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट.

२६/ नौकेची लांबी ३६ फूट ९ इंच. पुढे स्वयंपाकाची सहा बाय सहाची जागा, मागे राहण्याची दहा बाय बाराची खोली. मुंबईच्या चाळीत अख्खा संसार मांडण्याएवढीच ती जागा. पण येथे माणूस एकच. दोन्हींच्या मध्ये पाणी आणि अनेक महिन्यांची शिधासामग्री. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला. महागड्या सागरी घड्याळाची दुरुस्ती परवडेना, म्हणून वाटेत एक डॉलरचे टिनाचे घड्याळ घेतले आणि त्यावर जग फिरून आला.

२७/ ‘स्प्रे’ची शिडे एकदा जमवून सुकाणू बांधले की नौका आपणच दिशा धरून चाले. थर्सडे बेट ते कीलिंग बेटे या २,७०० मैलांच्या, तेवीस दिवसांच्या टप्प्यात स्लोकम तीन तासांहून अधिक सुकाणूवर बसला नाही. उरलेला वेळ वाचन, स्वयंपाक आणि कपड्यांची डागडुजी. ‘ॲमेथिस्ट’वरचे वेळापत्रकच जणू पुढे चालू होते. अझोर्स सोडल्यावर आजारपणात त्याला सुकाणूवर कोलंबसाच्या काळातला एक खलाशी बसलेला दिसला. तो भास त्याने पुस्तकात मोठ्या जिव्हाळ्याने लिहिला आहे.

२८/ याच प्रवासात तो ब्युनोस आयर्सलाही थांबला. पुस्तकात त्या शहरातल्या जुन्या ओळखीच्या दुकानदारांविषयी खेळकर मजकूर आहे. व्हर्जिनियाच्या कबरीविषयी एक अक्षर नाही. मौनाला पुरावा मानू नये, हा इतिहासाचा नियम आहे. तरीही इतक्या बारकाईने लिहिणारा लेखक जेथे थांबतो, ती जागा वाचकाने नोंदवून ठेवायला हवी.

२९/ पुस्तक गाजले. मिळालेल्या पैशांतून १९०२ मध्ये त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत आणि घर घेतले. आयुष्यातले हे त्याचे स्वतःचे पहिले जमिनीवरचे घर. तेथे तो फार रमला नाही. हिवाळा आला की ‘स्प्रे’ घेऊन वेस्ट इंडीजकडे निघे. अशाच एका सफरीवर तो गेला आणि परतला नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्याला मृत घोषित केले; मृत्यूचा दिवस धरला गेला १४ नोव्हेंबर १९०९. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या या माणसाला पोहता येत नव्हते.

३०/ स्लोकमच्या नावाने पुढे असंख्य दर्यावर्दी निघाले. जमीन, भाडे, नोकरी सोडून नौकेवर राहायला जाणाऱ्या आजच्या लोकांचाही तो आदर्श आहे. त्यांना त्याच्यात बंधने तोडणारा माणूस दिसतो. कागदपत्रे पाहिली तर वेगळे दिसते. त्याने घर सोडले नव्हते. बायको, मुले, मोठी जहाजे, शिडांचा व्यापार असे घरातले एकेक निघून गेले आणि उरलेल्या खोलीत तो राहत राहिला.

३१/ त्या घराची माहिती आज आहे ती मुख्यतः मुलांमुळे. व्हिक्टरने वडिलांचे चरित्र लिहिले. बेंजामिन, जेसी आणि गारफिल्ड यांनी म्हातारपणी चरित्रकार वॉल्टर टेलर यांना आठवणी सांगितल्या : शाळेची वेळ, शार्क, पियानो, चढलेला झेंडा. वडिलांनी जगाची प्रदक्षिणा लिहिली. आईची तेरा वर्षे मुलांनी सांगितली, म्हणून उरली. ‘स्प्रे’चा प्रवास वाचताना ती आधी वाचावीत.

#इतिहास #समुद्राचाइतिहास